जुनी अमेरिकन सुवर्णनाणी : कस आणि किंमत

बी. कॉम., द्वितीय वर्ष

१९२७ साली अमेरिकेच्या तीन टांकसाळींत वीस डॉलरचे सोन्याचे नाणे पाडले गेले. त्यांतली दोन घेऊ: एक फिलाडेल्फियाचे, दुसरे डेन्व्हरचे. दोन्हींचे वजन ३३.४३६ ग्रॅम, दोन्हींचा कस हजारात नऊशे. एका बाजूला हाती मशाल आणि ऑलिव्हची डहाळी घेऊन चालत येणारी स्वातंत्र्यदेवता, दुसऱ्या बाजूला उडता गरुड, हेही दोन्हींवर सारखेच. फरक एवढाच, की डेन्व्हरच्या नाण्यावर सालाच्या आकड्यांवर ‘डी’ हे एक इवलेसे अक्षर आहे. फिलाडेल्फियाचे साधारण स्थितीतील नाणे बाजारात सोन्याच्या भावाच्या थोडे वर विकले जाते. डेन्व्हरचे नाणे लिलावात आले, की बोली दहा लाख डॉलरच्या पुढे जाते.

अखेरचा शिल्लक माल खरेदीभाव व बाजारभाव यांपैकी जो कमी असेल त्या भावाने धरावा, हे आपण वाणिज्य शाखेत पाय ठेवल्यापासून घोकत आलो आहोत. मग एखाद्याच्या तिजोरीत ही दोन नाणी शेजारी शेजारी पडली असतील, तर ती कोणत्या भावाने धरायची? ह्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे वाचायला मिळाले, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे. विषय परदेशी नाण्यांचा असला तरी दागिन्यात नाणी ओवणाऱ्या आपल्या लोकांना तो अगदीच परका वाटू नये. आपली पुतळ्यांची माळ मुळात व्हेनिसच्या सुवर्णनाण्यांची. आणि शिवकालीन ‘होन’ हा शब्द कन्नड ‘होन्नु’ म्हणजे सोने यावरून आला, हे आमच्या कन्नड विभागातील मित्रांना सांगायला नकोच.

सोन्याच्या नाण्याला तीन किमती असतात. त्यावर छापलेली ती दर्शनी किंमत. त्यातील शुद्ध सोन्याची ती धातुकिंमत. आणि संग्राहक जी मोजतो ती संग्रहकिंमत. पहिली वाचता येते, दुसरी मोजता येते. तिसरी समजून घ्यायला मात्र इतिहासात शिरावे लागते, आणि गंमत अशी, की तो इतिहास नाणी पाडण्याचा कमी आणि वितळवण्याचा अधिक आहे.

आधी दुसरी किंमत घेऊ. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने अमेरिकेची टांकसाळ स्थापन झाली. सोन्याच्या दहा डॉलरच्या नाण्याला ‘ईगल’ म्हणजे गरुड हे नाव दिले गेले. पाच डॉलरचे ते ‘हाफ ईगल’, अडीच डॉलरचे ‘क्वार्टर ईगल’. पहिली सोन्याची नाणी १७९५ साली बाहेर पडली. कायद्याने एका डॉलरमागे २४.७५ ग्रेन शुद्ध सोने किंवा ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी असे ठरवले होते. भागाकार केला तर सोने व चांदी यांचे प्रमाण एकास पंधरा येते. इथेच सारी मेख होती. फ्रान्सने १८०३ साली हेच प्रमाण एकास साडेपंधरा ठरवले. म्हणजे अमेरिकेत पंधरा भार चांदी देऊन एक भार सोने घ्यावे, ते बोटीने युरोपात न्यावे, तेथे साडेपंधरा भार चांदी मिळवावी, आणि भाडे-विमा वजा जाता उरलेला नफा खिशात घालावा. हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. सोन्याची नाणी टांकसाळीतून निघत आणि थेट बंदराची वाट धरत. १८०४ नंतर ईगल पाडणेच थांबले, ते १८३८ साली पुन्हा सुरू झाले. ग्रेशॅमचा नियम पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकलेला असतो. त्याचा एवढा स्वच्छ दाखला दुसरा मिळणे कठीण.

१८३४ साली अमेरिकन काँग्रेसने उपाय केला. डॉलरमागचे सोने २४.७५ ग्रेनवरून २३.२ ग्रेनवर आणले. प्रमाण एकास सोळा झाले आणि सोने देशात राहू लागले. पण ह्या उपायाचा एक परिणाम जुन्या नाण्यांवर झाला. जुन्या पाच डॉलरच्या नाण्यात आता नव्या हिशेबाने ५ डॉलर ३३ सेंटचे सोने होते. ते पाच डॉलरला खर्च करणारा वेडाच म्हणायचा! शिल्लक राहिलेली बरीच जुनी नाणी मुशीत गेली. ह्या भट्टीचा हिशेब पुढे येईल, म्हणून वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१८३७ च्या कायद्याने कस सरळ हजारात नऊशे केला. दहा भागांत नऊ भाग सोने, एक भाग मुख्यतः तांबे. डॉलरमागे शुद्ध सोने २३.२२ ग्रेन झाले, आणि ४८० ग्रेनच्या ट्रॉय औंसाला २०.६७ डॉलर हा भाव त्यातूनच निघाला. हे माप १९३३ पर्यंत बदलले नाही. म्हणून आपल्या हाती पडू शकणाऱ्या बहुतेक अमेरिकन सुवर्णनाण्यांना एकच सूत्र लागू पडते: एका डॉलरला सुमारे दीड ग्रॅम शुद्ध सोने. नेमका आकडा १.५०५ ग्रॅम. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ असे. ज्याला दीडकी येते त्याला इथे कागदपेन्सिल लागत नाही. पाच डॉलर, साडेसात ग्रॅम. दहा डॉलर, पंधरा. वीस डॉलर, तीस. अडीच डॉलरला पावणेचार. १८५४ ते १८८९ ह्या काळात निघालेले तीन डॉलरचे एक विचित्र नाणे आहे, त्याला साडेचार. कॅलिफोर्नियात जानेवारी १८४८ मध्ये सोने सापडल्यावर १८४९ च्या कायद्याने एक डॉलरचे आणि वीस डॉलरचे अशी दोन नवी नाणी काढली. एक डॉलरचे नाणे शर्टाच्या गुंडीएवढे, वीस डॉलरचे ‘डबल ईगल’ तळहाताला जाणवेल असे जड.

जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. डबल ईगलमध्ये ४६४.४ ग्रेन शुद्ध सोने, म्हणजे २.५८ तोळे. हल्ली पेढीवर १० ग्रॅमलाच तोळा म्हणण्याची रीत पडली आहे. त्या तोळ्याने बरोबर तीन. नाण्याचा कस कॅरेटमध्ये २१.६ येतो. आपल्याकडे ‘गिनी’ म्हणून ओळखला जाणारा इंग्रजी सॉव्हरिन २२ कॅरेटचा, पण त्याचे वजन ७.९८८ ग्रॅम आणि शुद्ध सोने ७.३२२ ग्रॅम. अमेरिकन पाच डॉलरचे नाणे कसाला थोडे उणे, पण वजनाला ८.३५९ ग्रॅम, आणि सोने ७.५२ ग्रॅम. कस कमी म्हणजे सोने कमी, असे मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत.

हा हिशेब नुसता परीक्षेपुरता नाही. आमच्या गल्लीतील एका काकूंकडे असे एक पाच डॉलरचे नाणे आहे. आहे म्हणण्यापेक्षा होते. त्यांचे सासरे बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ते आणले. पुढे कोणीतरी त्याला डाख देऊन कडी बसवली आणि ते गळ्यातल्या साखळीत आले. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, पैसे कमी पडले, तेव्हा काकूंनी ते काढले. गावातल्या एका पेढीवर त्यांना सांगण्यात आले, “बाहेरचं सोनं आहे, वीस कॅरेटनं धरतो.” काकू घरी परत आल्या आणि नाणे माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, “बघ रे, तू कॉमर्सचा ना? ह्यावर काय काय लिहिलंय ते वाच.”

कडी काढून वजन भरले ८.३० ग्रॅम, बाकीचे अंगाला घासून झिजले होते. नऊशे कसाने शुद्ध सोने ७.४७ ग्रॅम. वीस कॅरेटने धरले तर ६.९२. म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून अधिक सोने नुसत्या तोंडी अंदाजात जात होते. आम्ही दुसऱ्या पेढीवर गेलो. तेथे कस तपासण्याचे यंत्र होते. त्याने नव्वद टच दाखवला आणि काकूंना त्या टचाप्रमाणे पैसे मिळाले. पेढीवर जाण्यापूर्वी काकूंनी एक प्रश्न विचारला होता, “पेपरात येतं तसलं करोडाचं नाणं नाही ना रे हे? मोडून बसायचे आणि मग कळायचं!” प्रश्न अगदी योग्य होता. नाण्यावर १८८१ हे साल होते आणि गरुडाखाली टांकसाळीचे अक्षर नव्हते. फिलाडेल्फियाने त्या एका वर्षात ह्या जातीची ५७ लाखांवर नाणी पाडली. त्यात पुन्हा डाखाचा डाग. “नाही काकू, हे सोन्याच्याच किमतीचं,” असे मी खात्रीने सांगू शकलो. ती खात्री कशाच्या आधारे होती, ते आता सांगतो.

सर्वसाधारण समजूत अशी, की नाणे जितके जुने तितके महाग, आणि जितकी कमी पाडली तितके दुर्मिळ. पहिली समजूत साफ चुकीची आहे. दुसरी अर्धीच खरी. १८२२ साली पाच डॉलरची १७,७९६ नाणी पाडल्याची नोंद आहे. आज त्यांतली फक्त तीन माहीत आहेत. दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत, म्हणजे विक्रीला कधीच न येणारी, आणि एक खाजगी हातात. ते एक मार्च २०२१ मध्ये लिलावात ८४ लाख डॉलरला गेले. बाकीची सतरा हजार सातशे गेली कुठे? काही बोटीत बसून युरोपच्या भट्टीत, काही १८३४ नंतर देशातल्या भट्टीत. आता त्याच्याशेजारी १८७० सालचे डबल ईगल ठेवून पाहू. नेव्हाडातील कार्सन सिटी येथील टांकसाळीने ते पाडले, फक्त ३,७८९. आकडा १८२२ च्या नाण्याच्या चौथा हिस्साही नाही, पण त्याचे काही डझन नमुने शिल्लक आहेत. तेही फार महाग आहे, पण एकमेव नाही. तेव्हा टांकसाळीची जमेची बाजू पाहून भागत नाही. खर्ची किती पडले ते पाहावे लागते, आणि संग्राहक पैसे मोजतो तो शिलकेवर.

वितळण्याचा सर्वांत मोठा अध्याय १९३३ चा. महामंदीत बँका कोसळत होत्या, लोक सोने काढून घरात दडवत होते. ५ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आज्ञा काढली, की सोन्याची नाणी, लगडी व सुवर्णपत्रे १ मे पर्यंत बँकेत जमा करावीत. न करणाऱ्यास दहा हजार डॉलर दंड, दहा वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माणशी शंभर डॉलरपर्यंतची नाणी ठेवण्याची मुभा होती. आणखी एक सूट होती, तीच आपल्या विषयाच्या मुळाशी आहे: दुर्मिळ व असाधारण नाण्यांच्या संग्राहकांच्या लेखी ज्या नाण्यांना विशेष मूल्य आहे, ती वगळली होती. सोन्याच्या किमतीहून वेगळी अशी एक संग्रहकिंमत असते, हे सरकारने आपल्या हुकुमातच मान्य केले म्हणायचे. आपल्याकडेही १९६३ च्या सुवर्णनियंत्रणात नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर करायला बंदी आली आणि पुढे १९६८ चा कायदा १९९० पर्यंत टिकला. त्या काळी सोनारांच्या घरी काय झाले ते जुन्या माणसांना विचारावे.

रूझवेल्टच्या हुकुमाप्रमाणे ज्याने एक डबल ईगल जमा केले त्याला वीस कागदी डॉलर मिळाले. नऊ-दहा महिन्यांनी, जानेवारी १९३४ च्या अखेरीस, सोन्याचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर झाला. त्याच नाण्यातील सोने आता ३३ डॉलर ८६ सेंटचे. ज्या प्रामाणिक नागरिकाने पहिल्याच आठवड्यात रांगेत उभे राहून नाणी दिली, त्याच्या खतावणीत प्रत्येक नाण्यामागे पावणेचौदा डॉलरहून अधिक तोटा पडतो. त्या वेळच्या परिस्थितीत हे धोरण आवश्यक होते असे अनेक अर्थशास्त्रज्ञ मानतात. मला ते पटते; पण त्या नागरिकाचा राग येणेही पटते.

जमा झालेली नाणी वितळवून लगडी केल्या गेल्या आणि १९३७ पासून त्यांतला मोठा साठा केंटकीतील फोर्ट नॉक्स येथे गेला. १९२७ च्या डेन्व्हरच्या नाण्याचे रहस्य इथे उलगडते. त्या टांकसाळीने त्या वर्षी १,८०,००० नाणी पाडली होती, पण त्यांतली बहुतेक सरकारी तिजोरीबाहेर पडलीच नाहीत. १९३३ नंतर ती पोत्यांसकट भट्टीत गेली. आज पंधराच्या आसपास उरली आहेत. फिलाडेल्फियाच्या २९,४६,७५० नाण्यांपैकी मात्र पुष्कळशी आंतरराष्ट्रीय देण्याघेण्यात परदेशी गेली होती, आणि युरोपातील बँकांच्या तळघरांत अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचा हुकूम चालत नव्हता. पुढील दशकांत तीच नाणी पोत्यांनी परत आली. देशात राहिले ते वितळले आणि परदेशी गेले ते वाचले!

१९३३ सालच्या डबल ईगलची कथा तर एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. ४,४५,५०० नाणी पाडली होती. चलनात एकही सोडले नाही. दोन स्मिथसोनियनला दिली, बाकी वितळवायची ठरली. तरीही काही टांकसाळीबाहेर निसटली. एक १९४४ साली इजिप्तचा राजा फारूक याच्याकडे पोहोचले, तेही अमेरिकन सरकारने नजरचुकीने दिलेल्या निर्यात परवान्यावर. १९५२ साली फारूकचे राज्य गेले, १९५४ साली त्याचा संग्रह लिलावात निघाला. अमेरिकेने आक्षेप घेताच हे नाणे यादीतून काढले गेले आणि अदृश्य झाले. १९९६ साली ते न्यूयॉर्कमध्ये एका इंग्रज व्यापाऱ्याजवळ पकडले गेले. खटला २००१ साली तडजोडीने मिटला: नाणे विकावे, पैसे निम्मे निम्मे. ३० जुलै २००२ रोजी लिलावात त्याचे ७५,९०,०२० डॉलर आले. ह्या रकमेतील शेवटचे वीस डॉलर मला सर्वांत आवडतात. नाणे कधीच कायदेशीर चलनात आले नव्हते, तेव्हा ते चलनात आणण्यासाठी त्याची दर्शनी किंमत सरकारी खजिन्यात भरावी लागली. पंचाहत्तर लाखांच्या व्यवहारात वीस डॉलरची नोंद! जून २०२१ मध्ये तेच नाणे पुन्हा विकले गेले, तेव्हा १ कोटी ८८ लाख डॉलरच्या वर गेले. दरम्यान फिलाडेल्फियातील एका जवाहिऱ्याच्या वारसांकडे आणखी दहा नाणी निघाली. २०११ साली ज्यूरीने ती सरकारची ठरवली. त्यामुळे खाजगी मालकीला कायद्याने मोकळे असलेले नाणे एकच राहिले. तेव्हा तेथे दुर्मिळता भट्टीने निम्मी घडवली आणि न्यायालयाने निम्मी.

पुरवठा नेहमी घटतोच असे नाही. तो समुद्रातून वरही येतो. सप्टेंबर १८५७ मध्ये ‘सेंट्रल अमेरिका’ नावाची आगबोट कॅलिफोर्नियाचे सोने घेऊन न्यूयॉर्ककडे जात असता वादळात बुडाली. चारशेहून अधिक माणसे गेली, आणि सोन्याची वाट पाहणाऱ्या न्यूयॉर्कच्या बँकांची त्या वर्षीची घबराट आणखी वाढली. १९८८ साली ती बोट खोल समुद्रात सापडली. तिच्यात सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची १८५७ ची डबल ईगल पाच हजारांहून अधिक निघाली, जवळजवळ कोरी करकरीत. तोवर त्या सालाचे कोरे नाणे दुर्मिळ समजले जाई; नंतर तेच ह्या जातीतील सहज मिळणारे कोरे नाणे झाले. ज्याने आधी चढ्या भावाने घेऊन ठेवले असेल त्याच्यासाठी सागरतळाहून स्पर्धक वर आला. संग्रहकिंमत ही तारण समजणाऱ्यांनी ह्या बोटीची आठवण ठेवावी.

स्थितीबद्दल थोडे. १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी जुन्या तांब्याच्या सेंटसाठी एक ते सत्तर अशी श्रेणी सुचवली. तीच आता साऱ्या नाण्यांना लावतात. साठ व त्यावर म्हणजे न वापरलेले. ह्या वरच्या दहा पायऱ्यांत डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ओरखड्यांवर किंमत दुप्पट-चौपट होते, हे मला अजूनही थोडे हास्यास्पद वाटते. पण आपल्याकडच्या दोन सवयी मात्र खरोखर महागात पडतात: कडी लावणे आणि उजाळा देणे. डाख दिला की धातू तापतो, पृष्ठभाग बदलतो. कडी पुढे काढली तरी कडेवरचा डाग राहतो. चिंच-रिठ्याने घासून लखलखीत केले की संग्राहक त्याच्याकडे पाहतही नाही. सोने दोन्ही वेळा तेवढेच राहते, त्यामुळे घरातल्यांना काही बिघडले असे वाटत नाही. काकूंच्या नाण्याचे ह्यात नुकसान झाले नाही, कारण गमावण्यासारखे त्याच्याजवळ फारसे नव्हते.

साल व अक्षर कोठे पाहायचे, हेही सांगून टाकावे. अक्षर म्हणजे टांकसाळीची खूण. फिलाडेल्फियाची खूण नसते. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘सीसी’ म्हणजे कार्सन सिटी, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, ‘सी’ म्हणजे शार्लट. ‘डी’ ही १८६१ पर्यंत जॉर्जियातील डालोनेगाची आणि १९०६ पासून डेन्व्हरची. आपल्याकडे १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन पाडले गेले, त्यांवर ‘आय’ हे अक्षर अशाच खुणेसाठी आहे. जुन्या, देवतेच्या मस्तकाच्या जातीवर अक्षर मागच्या बाजूस गरुडाखाली असते. पाच डॉलरच्या त्या नाण्यावर किंमत ‘फाइव्ह डी.’ अशी लिहिलेली असते. त्यातला ‘डी’ डॉलरचा आहे, डेन्व्हरचा नव्हे. आमच्या गल्लीत ह्या एका अक्षरावरून अर्धा तास वाद झाला होता.

१९०७ च्या डबल ईगलचा उल्लेख राहून गेला. थिओडोर रूझवेल्ट यांच्या आग्रहावरून शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडेन्स यांनी ती चालत येणारी देवता घडवली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. पहिल्या आवृत्तीतील उठाव इतका उंच होता, की प्रत्येक नाण्यावर साच्याचे तीन ठोके द्यावे लागत. चळतीत नाणी नीट बसत नाहीत म्हणून बँकांचीही अडचण. साल रोमन आकड्यांत. सुमारे बारा हजार पाडून टांकसाळीने उठाव कमी केला. सौंदर्य आणि कमी संख्या ह्या दोन्हींमुळे हे नाणे सर्वांना हवे असते, आणि म्हणूनच त्याची बनावट सर्वांत चतुर आहे.

बनावट म्हटले की आपल्याला मुलामा आठवतो. मुलाम्याचे नाणे ओळखणे अवघड नाही. दहा भागांत नऊ भाग सोने असलेल्या मिश्रणाची घनता सुमारे १७.२, म्हणजे डबल ईगल दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलले तर वजन दोन ग्रॅमला किंचित कमी इतके उतरले पाहिजे. पितळ वा शिसे असेल तर त्याहून बरेच अधिक उतरते. आर्किमिडीजची ही युक्ती आमच्या विज्ञान शाखेतील मित्रांच्या प्रयोगशाळेत पाच मिनिटांत होते. अवघड आहे ती पूर्ण कसाची बनावट. १९७० च्या दशकात १९०७ च्या उंच उठावाच्या नाण्याच्या अशा प्रती बाजारात आल्या, की जाणकारही फसले. पुढे भिंगाखाली गरुडाच्या नखात ग्रीक ‘ओमेगा’ हे अक्षर दिसले, करणाऱ्याने गुपचूप कोरलेली आपली सही. घनतेच्या परीक्षेत ही नाणी उत्तीर्ण होतात. सोने पूर्ण असल्यामुळे सराफाकडे त्यांचे पैसेही पूर्ण येतात. संग्राहक मात्र वजनाच्या वर दमडी देत नाही.